वाळूचा हिमालय

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एअरशायरमध्ये, प्रेस्टविक नावाचं गाव आहे. तिथल्या गोल्फच्या मैदानावर माणूस एकाच दुपारी हिमालय ओलांडतो, सहारा चुकवतो, आल्प्सच्या पलीकडे उतरतो आणि उजेड असतानाच क्लबहाउसला परत येतो. पाचव्या होलचं नाव ‘हिमालयाज’, सतराव्याचं ‘आल्प्स’, आणि आल्प्सच्या ग्रीनच्या तोंडाशी वाळूचा जो अवाढव्य खड्डा आहे तो ‘सहारा’. पर्वत म्हणजे इथे समुद्रवाऱ्याने रचलेल्या आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. पण टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की पलीकडचं काहीच दिसत नाही. टेकडीच्या अंगावर रोवलेल्या रंगीत खुणेकडे बघून चेंडू मारायचा, मग धापा टाकत चढून जायचं आणि तो कुठे पडला ते शोधायचं. त्या क्षणी टीवर उभ्या असलेल्या माणसापुरती ती टेकडी हिमालयच असते.

आल्प्सचं वय मोठं आहे. १७ ऑक्टोबर १८६० रोजी याच मैदानावर पहिली ओपन स्पर्धा झाली. आठ खेळाडू, बारा होलचं मैदान, एका दिवसात तीन फेऱ्या. विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. तेव्हाचं दुसरं होल म्हणजे हेच आल्प्स. पुढे मैदान अठरा होलचं झालं आणि या होलचा क्रमांक दोनवरून सतरावर गेला. नाव मात्र जागचं हललं नाही.

गोल्फमध्ये क्रमांक आणि नाव यांच्यात हा फरक आहे. क्रमांक कुणीही बदलू शकतो. मैदान वाढलं, रस्ता आला, क्लबहाउस दुसरीकडे बांधलं की एकाचा दहा होतो. नाव सहसा कुणी ठरवून दिलेलं नसतं. खेळणाऱ्यांच्या तोंडी पडत पडत ते तयार होतं. आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात गट नंबर सातबाऱ्यावर राहतो आणि बोलण्यात ‘वडाची पट्टी’, ‘विहिरीकडचं’, ‘माळावरचं’ असंच येतं, तसंच काहीसं हे आहे. वड कधीच पडून गेलेला असतो, पट्टी वडाचीच राहते.

सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर अशा नावांची अख्खी वही वाचायला मिळते. पहिलं ‘बर्न’, म्हणजे ग्रीनपुढून वाहणारा ओढा. दुसरं ‘डाइक’, म्हणजे बांध. चौथं ‘जिंजर बिअर’. डेव्हिड अँडरसन नावाचा म्हातारा, सगळे त्याला ‘ओल्ड डॉ’ म्हणत, चौथ्या होलपाशी गाडी लावून जिंजर बिअर विकायचा. गाडी गेली, म्हातारा गेला, आणि जगातल्या सगळ्यात मानाच्या मैदानाच्या स्कोअरकार्डावर त्याचं पेय राहिलं. 

याच वहीत काही नावं जोडीने येतात. तिसरं ‘कार्टगेट आउट’, पंधरावं ‘कार्टगेट इन’. पाचवं ‘होल ओ’क्रॉस आउट’, तेरावं ‘होल ओ’क्रॉस इन’. सहावं आणि बारावं ‘हेदरी’, सातवं आणि अकरावं ‘हाय’, प्रत्येकाचं एक ‘आउट’ आणि एक ‘इन’. या जोड्यांत मैदानाचा इतिहास दडलेला आहे. पूर्वी खेळाडू समुद्रालगतच्या त्या चिंचोळ्या पट्टीवरून टोकापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने, त्याच खड्ड्यांकडे खेळत परत यायचे. पुढे गर्दी वाढली, ग्रीन रुंद केली, एकाच ग्रीनवर दोन खड्डे आणि दोन झेंडे आले. आज ओल्ड कोर्सवर अशी सात जोडग्रीन आहेत, आणि त्यांच्यावरच्या दोन होलच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी अठराच भरते. जाणं आणि येणं एकाच वाटेचं होतं, ही गोष्ट जमिनीवर आता सहज दिसत नाही. नावांनी ती राखून ठेवली आहे.

दहावं होल बरीच वर्षं बिननावाचं होतं. १९२१ च्या ओपनमध्ये एकोणीस वर्षांचा अमेरिकन पोरगा बॉबी जोन्स तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर आला, ‘हिल’ नावाच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, अडकला आणि वैतागून त्याने स्पर्धाच सोडून दिली. सेंट अँड्रूजला ते रुचलं नाही. पुढे त्यालाही ते आयुष्यभर टोचत राहिलं. १९२७ मध्ये तो परत आला आणि त्याच मैदानावर ओपन जिंकला. १९३० मध्ये ब्रिटिश अमॅच्युअरही तिथेच जिंकला. १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. तोवर आजाराने त्याचं चालणं अवघड झालं होतं. तो गेल्यावर दहाव्या होलला त्याचं नाव दिलं गेलं. जिथे त्याने खेळ सोडला, त्याच्या अगदी अलीकडच्या होलला. आज ओल्ड कोर्सवर खेळणारा प्रत्येक जण आधी ‘बॉबी जोन्स’ पूर्ण करतो आणि मग त्या बंकरपाशी पोहोचतो.

अशी नावं जागेला चिकटलेली असतात. ती उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. रॉयल ट्रूनचं आठवं होल ‘पोस्टेज स्टॅम्प’ म्हणजे पोस्टाचं तिकीट. जेमतेम १२३ यार्डांचं, इवल्याशा ग्रीनभोवती पाच बंकर. १९७३ च्या ओपनमध्ये एकाहत्तर वर्षांच्या जीन सॅराझनने तिथे पहिल्याच फटक्यात चेंडू खड्ड्यात घातला. दुसऱ्या दिवशी तो त्याच होलवर बंकरमध्ये गेला आणि बंकरमधून थेट खड्ड्यात मारून दोनमध्ये सुटला. पहाडासारख्या लांब होलांवर जे दिसत नाही ते या तिकिटावर दिसतं, कारण नावच आधी सांगून टाकतं की इथे अंतराला किंमत नाही, नेमकेपणाला आहे.

पण गोल्फमध्ये नावांची आणखी एक जात आहे, आणि ती या जागेच्या नावांहून वेगळी वागते. ही नावं प्रवास करतात.

सगळ्यात मोठा प्रवास केला तो ‘रेडान’ने. रेडान हा युद्धशास्त्रातला शब्द. दोन भिंती पुढे येऊन शत्रूच्या दिशेने कोन करतात, मागची बाजू उघडी राहते, अशा मोर्चाला रेडान म्हणत. क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलच्या वेढ्यात रशियनांचा ‘ग्रेट रेडान’ घेताना १८५५ च्या जून आणि सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याचे दोन हल्ले परतवले गेले, आणि शेकडो सैनिक त्याच्या उतारावर पडले. हा शब्द त्या पिढीच्या अंगात भिनला होता. १८५७ मध्ये लखनौच्या रेसिडेन्सीभोवती वेढा पडला तेव्हा आतल्या एका तोफमोर्चालाही हेच नाव होतं. आणि क्रिमियाहून परतलेल्या एका अधिकाऱ्याने, असं सांगतात, नॉर्थ बेरविकच्या मैदानावरचं तिरकस उंचवट्याचं ग्रीन बघून तोच शब्द उच्चारला. नॉर्थ बेरविकचं पंधरावं होल तेव्हापासून रेडान झालं.

त्या होलची गंमत समजून घेण्यासारखी आहे. ग्रीन खेळाडूच्या समोर सरळ मांडलेलं नाही. ते उजवीकडच्या पुढच्या कोपऱ्यातून डावीकडे मागे तिरपं पसरतं, आणि त्याच दिशेने उतरतही जातं, म्हणजे खेळाडूपासून दूर. डाव्या हाताला पुढ्यात खोल बंकर. थेट झेंड्याकडे मारावं तर बंकर ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडून पडलेला चेंडू उतारावर थांबत नाही. मग वाट एकच उरते. झेंडा डावीकडे असताना उजव्या खांद्यावर चेंडू टाकायचा आणि जमिनीवर विश्वास ठेवायचा. जमीन तो हळूहळू वळवत झेंड्यापाशी नेते. किल्ला समोरून चढून घेता येत नाही, बगलेने घ्यावा लागतो, हे त्या नावात आधीच सांगितलेलं आहे.

ज्या १८५५ मध्ये सेव्हास्तोपोलला रेडानवर माणसं पडत होती, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्डचा जन्म झाला. घर शिकागोचं. सोळाव्या वर्षी, १८७२ मध्ये, त्याला शिक्षणासाठी सेंट अँड्रूजला आजोबांकडे धाडण्यात आलं. आजोबांनी त्याला ओल्ड टॉम मॉरिसच्या दुकानात नेऊन क्लब घेऊन दिले. दोन वर्षांनी मॅकडोनाल्ड अमेरिकेला परतला तो गोल्फचं वेड घेऊनच, पण तिथे खेळायला मैदान नव्हतं. पुढची बरीच वर्षं त्याने हा खेळ मुख्यतः आठवणीतच खेळला असणार. पुढे त्याच्या पुढाकाराने शिकागो गोल्फ क्लब उभा राहिला. १८९५ मध्ये पहिली अधिकृत यूएस अमॅच्युअर स्पर्धा त्यानेच जिंकली.

१९०१ मध्ये लंडनच्या ‘गोल्फ इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाने नामवंत खेळाडूंना एक प्रश्न विचारला: ब्रिटनमधली सर्वोत्तम होल कोणती? उत्तरं आली, वाद झाले. मॅकडोनाल्डने ते वाचलं आणि त्याच्या मनात एक कल्पना रुजली. ही होल एकेका मैदानावर विखुरलेली आहेत. एखादं प्रेस्टविकला, एखादं सेंट अँड्रूजला, एखादं नॉर्थ बेरविकला. या सगळ्यांमागचं तत्त्व उचलून अमेरिकेच्या मातीवर एकच मैदान रचता आलं तर? पुढची काही वर्षं तो पुन्हा पुन्हा ब्रिटनला गेला, मोजमापं घेतली, नकाशे काढले. लाँग आयलंडवर साउथहॅम्पटनजवळ जागा मिळाली. १९०८ मध्ये ‘नॅशनल गोल्फ लिंक्स ऑफ अमेरिका’ची स्थापना झाली आणि १९११ मध्ये मैदानाचं रीतसर उद्घाटन झालं.

त्या मैदानाचं स्कोअरकार्ड म्हणजे एका माणसाच्या तरुणपणाची रोजनिशी. दुसरं ‘सहारा’, तिसरं ‘आल्प्स’, चौथं ‘रेडान’, सातवं ‘सेंट अँड्रूज’, तेरावं ‘ईडन’, सोळावं ‘पंचबोल’. आठवणीतलं अख्खं स्कॉटलंड, आणि सोबत थोडं इंग्लंडही, समुद्रापलीकडे उतरवून घेतलेलं.

मात्र ही नुसती नक्कल नव्हती, आणि इथेच मॅकडोनाल्डच्या बुद्धीची कमाल आहे. सेंट अँड्रूजचं सतरावं, ‘रोड’, तेव्हा रेल्वेच्या काळ्या शेडवरून ड्राइव्ह मारायला लावायचं आणि ग्रीनच्या मागे खडीचा रस्ता असायचा. साउथहॅम्पटनला ना रेल्वेच्या शेड होत्या, ना रस्ता. त्याने शेडच्या जागी वाळूचं ओसाड रान मांडलं आणि रस्त्याच्या जागी वाळूचाच धोका आणला. वस्तू बदलल्या, पण त्यांनी खेळाडूला विचारलेला प्रश्न तोच ठेवला: लांबून सुरक्षित जातोस, की कोपरा कापायची हिंमत करतोस?

कोल्हापूरच्या तालमीत ‘ढाक’ किंवा ‘कलाजंग’ म्हटलं की पोराच्या अंगाला काय करायचं ते कळतं. डाव तोच, नाव तेच. समोरचा पैलवान मात्र रोज वेगळा, त्याची उंची वेगळी, पकड वेगळी. वस्तादाचं कसब असतं ते प्रत्येक अंगाला तो डाव बसवण्यात. मॅकडोनाल्डने होलांचे असेच डाव केले. रेडान हा डाव, ईडन हा डाव. नवी जमीन समोर आली की तिच्या चढउतारात कुठला डाव आधीच दडलेला आहे ते शोधायचं.

हे शोधण्यात त्याचा उजवा हात झाला सेथ रेनर. साउथहॅम्पटनचाच हा भूमापक मॅकडोनाल्डने केवळ जागेची मोजणी करायला बोलावला होता. रेनर काही नामांकित खेळाडू नव्हता. पण त्याला जमीन वाचता येत होती. पुढे त्याने स्वतंत्रपणे अनेक मैदानं रचली आणि जिथे गेला तिथे रेडान, ईडन, शॉर्ट, बियारिट्झ ही नावं सोबत नेली. १९२६ च्या जानेवारीत, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो न्युमोनियाने गेला.

नाव एकदा मूळ जागेपासून सुटलं की त्याचा अर्थही सरकतो. ‘केप’ हे मॅकडोनाल्डचं स्वतःचं होल, नॅशनलचं चौदावं. मूळ केप म्हणजे पाण्यात शिरलेल्या भूशिरासारखं ग्रीन. पण आज जगभर ‘केप होल’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो पाण्यावरून मारायचा तिरकस ड्राइव्ह, जितकं पाणी कापाल तितकी वाट जवळ. शब्द ग्रीनवरून टीकडे आला. कुणी ठरवलं नाही, बोलता बोलता झालं.

डाव चुकीच्या हातात पडला की उलटतो, हेही दिसून आलं. नॅशनलच्या शेजारीच शिनेकॉक हिल्स आहे, तिथलं सातवं होल रेडान. २००४ च्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी ते ग्रीन इतकं टणक आणि चकचकीत झालं की नेमका मारलेला चेंडूही थांबेना. पहिल्या काही खेळाडूंची अवस्था बघून अधिकाऱ्यांना खेळ चालू असतानाच, एका गटानंतर दुसरा गट येण्याच्या मधल्या वेळात, ग्रीनवर पाणी मारावं लागलं. रेडान ही जमिनीशी केलेली भागीदारी आहे. जमीन चेंडूला वळवणार, हा त्यातला करार. तो करार जमिनीने मोडला की उरतो तो नुसता उतार.

या प्रवासी नावांतलं सगळ्यात विलक्षण नाव ‘बियारिट्झ’. फ्रान्सच्या किनाऱ्यावर बियारिट्झला १८८८ मध्ये स्कॉटिश व्यावसायिक विली डनने मैदान रचलं. त्यात एक होल असं होतं की एका कड्यावरून समुद्राच्या घळीपलीकडे, दुसऱ्या कड्यावर चेंडू मारायचा. मॅकडोनाल्ड आणि रेनरनी त्यावरून एक लांबलचक होल घडवलं. ग्रीनच्या मधोमध आडवी खोल चर, तिच्यात चेंडू क्षणभर गडप होतो आणि पलीकडून वर येतो. येल विद्यापीठाच्या मैदानावरचं नववं होल आजही हे दृश्य दाखवतं: तळ्यावरून फटका, आणि पुढे साठ यार्डांहून लांब ग्रीन. ती चर मूळ फ्रेंच होलमध्ये खरोखर होती का, यावर अभ्यासकांत वाद आहे. वाद मिटवायला मूळ होल शिल्लक नाही. ते कधीच मोडून गेलं. आई गेली, लेकरं उरली, आणि लेकरांच्या चेहऱ्यावरून आईचा चेहरा शोधायचा, अशी ही गोष्ट.

ऑगस्टा नॅशनलला याच्या उलट झालं. पूर्वी फळझाडांची रोपवाटिका असलेल्या त्या जमिनीवर बॉबी जोन्स आणि डॉक्टर अ‍ॅलिस्टर मॅकेंझी यांनी मैदान रचलं, आणि प्रत्येक होलला एकेका झाडाचं किंवा फुलाचं नाव मिळालं. मॅग्नोलिया, कॅमेलिया, अझेलिया. चौथं ‘फ्लॉवरिंग क्रॅब अ‍ॅपल’. पण त्या फुलांच्या नावाखाली रचनेची प्रेरणा सेंट अँड्रूजच्या अकराव्याची, म्हणजे ‘ईडन’ या नावाने प्रवास केलेल्या होलची आहे. म्हणजे त्याच होलची, जिथे तरुण जोन्सने डाव सोडून दिला होता. पुढे त्याने ते आपल्या घरच्या मैदानात, फुलांच्या नावाआड, पुन्हा लावून घेतलं.

आणि मग ‘लिडो’. लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मॅकडोनाल्डने दलदलीच्या जागी खाडीतून सुमारे वीस लाख घनयार्ड वाळू उपसून मैदान उभारलं. १९१४ मध्ये ‘कंट्री लाइफ’ या नियतकालिकाने एका होलच्या आराखड्यासाठी स्पर्धा ठेवली. ती मॅकेंझीने जिंकली आणि त्याचं होल लिडोचं अठरावं ठरलं. १९१७ मध्ये लिडो खुलं झालं. जाणकार त्याची गणना जगातल्या पहिल्या दोन-चार मैदानांत करत. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने जागा ताब्यात घेतली आणि मैदान पुसलं गेलं. ऐंशी वर्षं ते फक्त जुन्या छायाचित्रांत आणि नावांच्या यादीत राहिलं: ईडन, चॅनल, केप, ओशन, आल्प्स, लगून, रेडान. एका हौशी गोल्फरने ती छायाचित्रं जुळवत संगणकावर त्याचं एकेक होल पुन्हा उभं केलं. रचनाकार टॉम डोकने त्या आकड्यांवरून, उपग्रहाच्या मदतीने चालणाऱ्या यंत्रांनी, ते जमिनीवर उतरवलं. २०२३ मध्ये लिडो पुन्हा सुरू झालं, पण न्यूयॉर्कला नाही. विस्कॉन्सिनच्या मधोमध, समुद्रापासून शेकडो मैलांवर.

तिथल्या आठव्या होलच्या टीवर आज कुणी उभं राहतं तेव्हा हातातल्या कार्डावर ‘ओशन’ असं लिहिलेलं असतं. हे लिडोचं बियारिट्झ. पहिल्या लिडोत याच्या बाजूला अटलांटिक होता. आणि त्याच्याही आधी, फ्रान्समध्ये, कड्याखाली लाटा आदळत होत्या. इथे लाटा नाहीत. आहे ती गवत आणि वाळू, मैलोन्मैल. पण ही वाळू आणून टाकलेली नाही. हिमयुगाच्या अखेरीस इथे बर्फाने अडवलेलं एक विस्तीर्ण सरोवर होतं. ते वाहून गेलं, आणि त्याने मागे सोडलेल्या वाळूवर ते ग्रीन पसरलेलं आहे, मधोमध एक खोल चर घेऊन. चेंडू पडतो, पुढे धावतो, चरीत दिसेनासा होतो. टीवरचे लोक मान उंचावून थांबतात, तो पलीकडच्या काठावर वर येतो का ते बघत.